ब्रेककडे लक्ष ठेवा



फॉर्म्युला वन मोटारशर्यतींचा नवा हंगाम जवळ आला, की आमच्या महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात एक वाद ठरलेला असतो. रसायनशास्त्राचे आमचे एक सहकारी म्हणतात, "मुलांना हे वेड लागून उपयोग काय? बावीस मोटारी एकाच रस्त्यावरून पन्नास-साठ वेळा गोल फिरतात आणि शेवटी निघाल्या होत्या तिथेच परत येतात!" सगळे हसतात. मीही हसतो. विस्थापन शून्य, हे त्यांचे म्हणणे पुस्तकाप्रमाणे अगदी बरोबर आहे. पण विस्थापन शून्य असले तरी मधल्या वाटेवर ऊर्जेची जी प्रचंड उलाढाल होते ती काही शून्य नसते, आणि माझा वाद त्या उलाढालीविषयी आहे.

माझे मत असे, की तुम्ही हा हंगाम जरूर पाहावा. मात्र पाहताना डोळे एका वेगळ्या जागी लावावेत. सर्वांची नजर जाते ती सरळ रस्त्यावरून सुसाट जाणाऱ्या गाडीकडे. माझ्या मते तो शर्यतीचा सर्वांत कमी मनोरंजक भाग आहे. सरळ रस्त्यावर पाय दाबून धरणे तुम्हालाही जमेल. रस्ता संपून वळण आले, की पुढच्या दोन-अडीच सेकंदांत जे घडते ते पाहा. तिथे भौतिकशास्त्र आहे.

थोडी आकडेमोड करू. कागद घ्या. गाडी ताशी ३२४ किलोमीटर वेगाने येत आहे असे समजा. हा आकडा मी मुद्दाम निवडला, कारण तो सेकंदाला बरोबर ९० मीटर होतो. २०२६ पासूनच्या नियमांप्रमाणे चालकासह गाडीचे वजन कमीत कमी ७६८ किलोग्रॅम असावे लागते. त्यात थोडे इंधन धरून ८०० किलोग्रॅम मानू. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याचे निम्मे. उत्तर आले ३२ लाख ४० हजार ज्यूल. वळणावर वेग ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर राहिला पाहिजे. त्या वेगाला ऊर्जा उरते अवघी १ लाख ६० हजार ज्यूल. म्हणजे मधले सुमारे ३१ लाख ज्यूल चालकाने कुठेतरी घालवायचे आहेत.

३१ लाख ज्यूल म्हणजे किती? बंबात दहा लिटर पाणी घाला. २५ अंश सेल्सियसचे ते पाणी उकळायला जेवढी उष्णता लागेल, जवळजवळ तेवढी. बंब पेटवून आपण खाली लाकडे सारत बसतो. इटलीतील मोन्झाच्या पहिल्या वळणासारख्या जागी हे काम अडीच सेकंदांच्या आसपास उरकावे लागते. आता ज्यूलला सेकंदांनी भागा. शक्ती येते सुमारे बाराशे किलोवॉट. उलट नव्या गाडीचे इंजिन आणि विद्युत मोटर दोन्ही मिळून तिला पुढे ढकलतात ते सुमारे साडेसातशे किलोवॉटने. वेग घेण्यात ही गाडी जेवढी समर्थ आहे त्याहून वेग सोडण्यात ती अधिक समर्थ आहे. हे गणित मी वर्गात प्रथम मांडले तेव्हा फळ्यावर काहीतरी चुकले असे मलाच वाटले होते, म्हणून मी ते पुन्हा केले.

ऊर्जा नाहीशी होत नाही, हे तुम्ही सातवी-आठवीपासून घोकत आला आहात. मग हे ३१ लाख ज्यूल जातात कुठे? काही हवेला जातात; एवढ्या वेगाला समोरची हवा भिंतीसारखी अडवते. मोठा हिस्सा ब्रेकच्या तबकड्यांत उष्णतेच्या रूपाने जातो. या तबकड्या कार्बनच्या असतात. फॉर्म्युला वनमध्ये त्या प्रथम १९७६ साली ब्रॅबहॅम संघाने वापरल्या. वापरात त्यांचे तापमान हजार अंशांपर्यंत चढते, आणि संध्याकाळच्या शर्यतीत चाकाच्या आत निखारा फुलावा तशा त्या लाल दिसतात. उरलेला हिस्सा वीज होऊन विद्युतघटात साठतो. त्याच्याकडे पुढे वळू.

चालकाचे काय होते? सेकंदाला ९० मीटरवरून २० वर अडीच सेकंदांत यायचे, म्हणजे सरासरी ऋण त्वरण २८ झाले, गुरुत्व त्वरणाच्या जवळजवळ तिप्पट. ही सरासरी झाली. ब्रेक दाबल्याच्या पहिल्या क्षणी ते पाचपटीपर्यंत जाते. डोके आणि शिरस्त्राण मिळून सहा-सात किलो धरा. त्या क्षणी तीस-पस्तीस किलोंचे ओझे पुढे ओढत असल्यासारखे मानेला वाटते. तेही एकदा नव्हे, शर्यतभर प्रत्येक मोठ्या वळणावर.

आता यातील खरी गंमत. ब्रेक चाक थांबवतो, पण गाडी थांबवतो तो रस्ता, टायर आणि रस्ता यांच्यामधल्या घर्षणाने. घर्षणबल हे गाडी रस्त्यावर किती जोराने दाबली जाते त्यावर अवलंबून असते. शर्यतीच्या गाडीचे पंख विमानाच्या पंखांसारखेच काम करतात, पण उलट दिशेने; ते गाडीला खाली दाबतात. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणजे वेग जास्त तेव्हा पकड जास्त, आणि वेग उतरू लागला की पकडही उतरते. म्हणून चालक पहिल्या क्षणी ब्रेक सर्व ताकदीनिशी दाबतो आणि लगेच हळूहळू सैल करत नेतो. तो तसाच दाबून धरला तर चाक फिरायचे थांबते, टायर घासतो आणि पांढरा धूर निघतो. चाक अडकू न देणारी स्वयंचलित यंत्रणा आजकाल रस्त्यावरच्या मोटारींत असते, पण फॉर्म्युला वनमध्ये तिला १९९४ पासून बंदी आहे. ते सर्व काम चालकाचा डावा पाय करतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या बारावीच्या वर्गातला एक मुलगा अडीच महिने आला नाही. मुलगा हुशार होता आणि शर्यतींचा भक्त होता. प्रत्येक चालकाचे नाव, संघ आणि गुण त्याला तोंडपाठ. काकांची मोटारसायकल घेऊन तो गावाबाहेरच्या रस्त्यावर गेला होता. परवान्याचे वय व्हायला सात महिने होते. वळणावर बारीक खडी सांडलेली होती. उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. मी त्याला भेटायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "सर, ब्रेक लागलाच नाही हो."

मी त्याला तिथे काही बोललो नाही. आई जवळ बसली होती. पण ब्रेक लागला होता. फक्त त्याने टीव्हीवर जे पाहिले होते त्यातले अर्धेच त्याच्यापर्यंत पोहोचले होते. ताशी ४० किलोमीटरवरून थांबायला चांगल्या कोरड्या रस्त्यावर दहा मीटर लागत असतील, तर ८० वरून चाळीस लागतात. वेग दुप्पट, अंतर चौपट. त्याशिवाय धोका दिसल्यापासून हात-पाय हलेपर्यंतचा एक सेकंद धरा. त्यात ४० ला ११ मीटर जातात, ८० ला २२. बेरीज करा, एकवीस आणि बासष्ट. शिवाय मोटारसायकलला खाली दाबणारे पंख नसतात आणि खडीवर घर्षण उरत नाही. हे सगळे त्याने नववीत शिकलेले होते. परीक्षेत त्याने ते लिहिलेही असेल.

त्या दिवसापासून आमच्या सहकाऱ्यांचा पक्ष बळकट झाला. ते म्हणाले, "पाहिलंत? म्हणून म्हणतो, हे खूळ नको." मला मात्र उलट वाटले. त्या मुलाने शर्यती फार पाहिल्या हा दोष नव्हे. त्याने त्या अर्ध्याच पाहिल्या. पाहू नका म्हटल्याने मुले पाहायची थांबत नाहीत, एवढे तर आम्ही शिक्षकांनी आतापर्यंत शिकायला हवे होते.

कारण ही ऊर्जा योग्य ठिकाणी गेली नाही तर काय होते, तेही याच खेळाने फार महाग किंमत देऊन शिकले आहे. १९९४ साली इटलीतील इमोला येथे ३० एप्रिलला रोलांड रात्झेनबर्गर आणि दुसऱ्याच दिवशी, १ मे रोजी, तीन वेळा जगज्जेता झालेला आयर्टन सेना, असे दोन चालक मरण पावले. त्यानंतर गाड्या, भिंती, रस्त्याकडेच्या मोकळ्या जागा, सर्वांचा फेरविचार झाला. तत्त्व एकच होते: थांबण्याचे अंतर आणि वेळ वाढवा, म्हणजे बल कमी होते. क्रिकेटचा चेंडू झेलताना आपण हात मागे घेतो ना, तेच. गाडीचे नाक चुरगळते ते चालक चुरगळू नये म्हणून.

२९ नोव्हेंबर २०२० रोजी बहरीनमध्ये रोमाँ ग्रोझाँ याची गाडी ताशी १९२ किलोमीटर वेगाने लोखंडी कठड्यावर आदळली, दुभंगली आणि पेटली. आघात गुरुत्व त्वरणाच्या ६७ पट मोजला गेला. चालकाच्या डोक्याभोवती टायटॅनियमची एक कमान असते, तिला हॅलो म्हणतात. २०१८ साली ती सक्तीची झाली तेव्हा गाडी कुरूप दिसते म्हणून अनेकांनी नाके मुरडली होती; ग्रोझाँ स्वतः विरोधकांत होता. त्या कमानीने कठडा डोक्यापासून दूर ठेवला. सुमारे अठ्ठावीस सेकंदांनी तो भाजलेल्या हातांनी आगीतून चालत बाहेर आला. तरीही हा खेळ निर्धोक झाला असे समजू नका. २०१४ साली जपानमधील सुझुका येथे पावसात जखमी झालेला झ्यूल बियांकी पुढच्या वर्षी दगावला.

शर्यतीच्या पहिल्या फेरीत सर्व गाड्यांच्या मागोमाग डॉक्टरांची मोटार धावत असते, हे तुम्ही पाहिले आहे का? पुढच्या वेळी पाहा. आमच्या गावाबाहेरच्या रस्त्यावर त्या मुलाला पहिली मदत मिळाली ती चाळीस मिनिटांनी, उसाच्या ट्रॅक्टरवाल्याकडून.

असो. आता विजेकडे येऊ, कारण नव्या नियमांत सगळी मेख तिथे आहे.

ब्रेक लावताना जाणारी ऊर्जा वाया का घालवायची, हा प्रश्न जुना आहे. मुंबईच्या नव्या धाटणीच्या लोकल गाड्या स्टेशनात शिरताना आपल्या मोटरींचे जनित्र करून वीज तारेत परत पाठवतात. आजोबांच्या सायकलचा डायनॅमो चाकाला टेकवला की पायडल जड होत असे, ते याच कारणाने. वीज फुकट मिळत नाही, ती गतीतून काढून घ्यावी लागते. फॉर्म्युला वनच्या गाडीत मागच्या चाकांशी जोडलेली अशी मोटर असते. २०१४ ते २०२५ पर्यंत तिची शक्ती १२० किलोवॉट होती. २०२६ पासून ती ३५० किलोवॉट झाली आणि पेट्रोल-इंजिनाची शक्ती सुमारे ४०० किलोवॉटपर्यंत खाली आली. म्हणजे गाडी जवळजवळ निम्मी विजेची झाली.

पुन्हा आपल्या वळणावर चला. अडीच सेकंद गुणिले ३५० किलोवॉट म्हणजे ८ लाख ७५ हजार ज्यूल. ३१ लाखांपैकी फार तर एवढेच परत मिळतील. चौथ्या हिश्शाहून थोडे जास्त. आणि विद्युतघटात मावते सुमारे ४० लाख ज्यूल. मोटर पूर्ण जोराने चालवली तर भरलेला घट साडेअकरा सेकंदांत रिकामा! मोठ्या सरळ रस्त्यावर साडेअकरा सेकंद सहज जातात. घट रिकामा झाला की निम्मी शक्ती गेली, आणि मागचा चालक पुढे निघाला.

मग चालकाने काय करावे? आतापर्यंत शूर चालक कोण, तर जो सर्वांत उशिरा ब्रेक मारतो तो. आता हिशेब बदलला. वळणाआधी थोडा लवकर पाय उचलला तर जनित्राला ऊर्जा गोळा करायला अडीचऐवजी चार सेकंद मिळतात. त्या वळणावर काही अंश सेकंद गमावले, पण पुढच्या सरळ रस्त्यासाठी ज्यूल कमावले. कुठे खर्च करायचा आणि कुठे साठवायचे, हा घरखर्चासारखा हिशेब आता ताशी तीनशेच्या वेगाने करायचा. काही चालकांना हे रुचलेले नाही. मॅक्स व्हर्स्टॅपनने तर २०२३ सालीच या नियमांवर टीका केली होती. त्याचे दुःख मला कळते. ज्याला धावता येते त्याला मोजून धावायला सांगितले की राग येणारच. पण विद्यार्थ्यांसाठी मला हे नियम आवडले. ऊर्जेचा हिशेब आजवर पुस्तकात होता, तो आता पडद्यावर दिसतो.

दोन आक्षेप राहिले. पहिला इंधनाचा. नव्या नियमांनी खनिज तेलापासून न बनवलेले इंधन सक्तीचे केले आहे. चांगले झाले, पण त्यावर फार भाळू नका. फॉर्म्युला वनने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या स्वतःच्या हिशेबात वर्षाचे कार्बन उत्सर्जन अडीच लाख टनांहून अधिक होते, आणि शर्यतीत धावणाऱ्या गाड्यांचा त्यातला वाटा १ टक्क्याहूनही कमी होता. बाकीचे माणसे आणि सामान देशोदेशी नेण्यात व कारखान्यांत. तेव्हा आमचे सहकारी उधळपट्टी म्हणतात ती आहेच, फक्त ते दाखवतात तिथे नाही. दुसरा मुद्दा उलट बाजूचा: शर्यतीतले तंत्र पुढे आपल्या गाड्यांत येते, असे शर्यतीचे भक्त सांगतात. हे मला अर्धेच पटते. ब्रेकमधून वीज परत घेणे आगगाड्यांना कितीतरी आधीपासून ठाऊक होते.

आता कामाचे बोलू. एक वही करा. प्रत्येक शर्यतीत एकच वळण निवडा, जिथे सर्वांत लांब सरळ रस्ता संपतो ते. पडद्यावर बऱ्याचदा गाडीचा वेग दाखवतात. ब्रेकआधीचा आणि वळणातला असे दोन आकडे टिपा. वळणाआधी रस्त्याच्या कडेला १५०, १००, ५० अशा अंतराच्या पाट्या असतात, त्यांतल्या कोणत्या पाटीपाशी ब्रेक लागला ते पाहा. हातात थांबघड्याळ ठेवा, मोबाइलमधले चालेल. एवढ्यावरून ऋण त्वरण, ऊर्जा आणि शक्ती तुम्हाला काढता येतील. मोन्झा आणि मोनाको यांची पाने शेजारी ठेवा. मोन्झाला सरळ रस्ते लांब आणि ब्रेकच्या जागा मोजक्या, मोनाकोला नेमके उलट. घट कुठे उपाशी राहील ते तुम्हीच ठरवा. मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून २२०० मीटरांहून उंच आहे आणि हवा सुमारे पाचव्या हिश्शाने विरळ. तिथे पंख किती दाबतील, ब्रेक कसे थंड होतील याचा आधी अंदाज लिहा, मग शर्यत पाहा. पाऊस आला तर आनंद माना, कारण घर्षण बदलल्याचा प्रयोग आयताच होतो. युरोपातल्या बहुतेक शर्यती आपल्याकडे सायंकाळी साडेसहाच्या सुमारास असतात. अमेरिकेतल्या रात्री उशिरा असतात. त्यांच्यासाठी जागू नका, दुसऱ्या दिवशी पाहिल्याने ज्यूल कमी होत नाहीत.

लहान आकड्यांना तुच्छ लेखू नका. १९९७ साली स्पेनमधील हेरेझ येथे पात्रता फेरीत झाक व्हिलनव्ह, मिखाएल शूमाकर आणि हाइन्झ-हॅराल्ड फ्रेन्टझेन या तिघांची वेळ १ मिनिट २१.०७२ सेकंद अशी हजारांशापर्यंत सारखी आली! त्या वेगाला सेकंदाच्या हजाराव्या भागात गाडी साडेपाच सेंटिमीटर जाते. घड्याळाचे लघुत्तम माप संपले, म्हणून ज्याने ती वेळ आधी नोंदवली त्या व्हिलनव्हला पहिली जागा दिली. १९८४ साली निकी लाउडा अॅलाँ प्रॉस्टवर अर्ध्या गुणाने जगज्जेता झाला. तो अर्धा गुण आला कुठून? मोनाकोची शर्यत पावसामुळे अर्ध्यावर थांबली आणि गुण निम्मे दिले, म्हणून जिंकूनही प्रॉस्टला साडेचारच मिळाले. २०२५ मध्ये लॅन्डो नॉरिसला ४२३ आणि व्हर्स्टॅपनला ४२१ गुण होते, चोवीस शर्यतींनंतर.

तो मुलगा आता अभियांत्रिकीला आहे. पाय बरा झाला, थंडीत दुखतो. गेल्या सप्टेंबरात मोन्झाची शर्यत आम्ही त्याच्या घरी पाहिली. दोघांच्या हातांत थांबघड्याळे होती. एकाच गाडीच्या एकाच ब्रेकला त्याचे २.४ सेकंद आले, माझे २.७. तो म्हणाला, "सर, तुमचा अंगठा म्हातारा झाला." मी म्हणालो, "अरे, अंगठा उशिरा हलला तर सुरुवातीलाही उशिरा हलेल आणि शेवटीही. मग फरक का पडावा?" त्यावर तो बराच वेळ गप्प बसला. शर्यत संपली, चहा झाला, तरी आमचा निकाल लागला नाही. नव्या हंगामात पहिल्या शर्यतीला तो त्याच्या मित्राला तिसरे घड्याळ देऊन बसवणार आहे.